धूमकेतूंचे रसायन आणि नवताऱ्याचे मंदावणे : वर्णपटीय निरीक्षणांचा एक परिचय

प्रस्तावना

दिनांक १२ मे १८६६ रोजी आयर्लंडमधील टूअम या गावी जॉन बर्मिंगहॅम यांना उत्तर मुकुट या तारकासमूहात एक अनपेक्षित तेजस्वी तारा दिसला. चारच दिवसांनी लंडनच्या टल्स हिल भागातील आपल्या खाजगी वेधशाळेतून विल्यम हगिन्स यांनी रसायनशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांच्यासह त्या ताऱ्याकडे वर्णपटदर्शक रोखला. नेहमीच्या ताऱ्यांच्या वर्णपटात काळ्या रेषा असतात. येथे त्यांच्याबरोबरच हायड्रोजनच्या झळझळीत उत्सर्जन रेषा होत्या. नवताऱ्याचा वर्णपट पाहिला जाण्याची ही पहिलीच वेळ होती. पुढे दोन वर्षांनी, १८६८ मध्ये, हगिन्स यांनी विनेके यांच्या धूमकेतूचा वर्णपट पाहिला व त्यातील तीन प्रकाशपट्टे प्रयोगशाळेत विद्युत ठिणगीने प्रज्वलित केलेल्या एथिलीन वायूच्या पट्ट्यांशी जुळतात असे दाखवून दिले. धूमकेतूत कार्बन आहे हे अशा रीतीने सिद्ध झाले.

एकाच निरीक्षकाने एकाच साधनाने दोन वर्षांच्या अंतराने केलेली ही दोन निरीक्षणे खगोलशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत सहसा वेगवेगळ्या प्रकरणांत आढळतात. धूमकेतू सूर्यमालेच्या प्रकरणात जातो व नवतारा ताऱ्यांच्या उत्क्रांतीच्या. ही विभागणी अध्यापनाच्या दृष्टीने सोयीची असली तरी निरीक्षणाच्या दृष्टीने कृत्रिम आहे. दोन्ही प्रसंगी निरीक्षकासमोर असतो तो विरळ, विस्तारणारा वायू; दोन्ही प्रसंगी त्या वायूची रचना दिवसागणिक बदलते; आणि गमावलेले दिवस पुन्हा मिळत नाहीत. प्रस्तुत लेखात या दोन प्रकारच्या निरीक्षणांतून काय कळते, कसे कळते आणि त्या निष्कर्षांवर कितपत विसंबावे, याचा विचार केला आहे.

धूमकेतूतील रेणूंची ओळख

धूमकेतूचा गाभा काही किलोमीटर व्यासाचा असतो. हॅलेच्या धूमकेतूचा गाभा सुमारे १५ किलोमीटर लांब व ८ किलोमीटर रुंद असल्याचे मार्च १९८६ मध्ये त्याच्यापासून सुमारे ६०० किलोमीटरवरून गेलेल्या जोत्तो यानाने दाखवले. फ्रेड व्हिपल यांनी १९५० मध्ये मांडलेली ‘बर्फ व धूळ यांचा घट्ट गोळा’ ही कल्पना त्यामुळे प्रत्यक्ष पाहता आली. असा गाभा पृथ्वीवरून ठिपक्याएवढाही दिसत नाही. दिसतो तो त्यातून बाहेर पडलेल्या वायूचा व धुळीचा परिवेश, म्हणजे कोमा, आणि मागे पसरलेले पुच्छ.

या वायूला स्वतःची उष्णता जवळजवळ नसते. सूर्यप्रकाशातील विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश शोषून रेणू उत्तेजित होतात व तोच किंवा थोड्या अधिक तरंगलांबीचा प्रकाश परत देतात. या अनुस्फुरणामुळेच धूमकेतूचा वायू चमकतो. हगिन्स यांना दिसलेले पट्टे दोन कार्बन अणूंच्या रेणूचे होते. विल्यम स्वान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हायड्रोकार्बनच्या ज्योतींत त्यांचा अभ्यास केला म्हणून त्यांना स्वान पट्टे म्हणतात. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील बुन्सेन ज्योतीच्या आतील निळसर-हिरव्या शंकूकडे साधा वर्णपटदर्शक रोखला तरी हे पट्टे दिसतात. धूमकेतू पाहण्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते. त्याच्या वर्णपटाची तोंडओळख मात्र कोणत्याही दिवशी करून देता येते, आणि ती सहसा करून दिली जात नाही हे खेदाने नमूद करावे लागते.

येथे एक महत्त्वाचा भेद लक्षात घेतला पाहिजे. दृश्य प्रकाशात ठळकपणे दिसणारे द्विकार्बन व सायनोजेन हे मूलक गाभ्यातील बर्फात त्या रूपात नसतात. गाभ्यातून बाहेर पडणारे मूळ रेणू सूर्याच्या अतिनील किरणांनी तुटतात व त्यांचे तुकडे आपल्याला दिसतात. सायनोजेनचा एक प्रमुख जनक हायड्रोजन सायनाइड आहे; पाण्याच्या रेणूपासून हायड्रॉक्सिल मूलक तयार होतो. तुकड्यांवरून मूळ वस्तू ओळखणे हे काम अवघड असते. द्विकार्बन सूर्यापासून पृथ्वीइतक्या अंतरावर सुमारे दोन दिवस टिकतो व नंतर स्वतःही तुटतो. धूमकेतूचे शीर्ष हिरवे दिसते पण पुच्छ कधीच हिरवे दिसत नाही, याचे कारण हेच. गेरहार्ड हर्झबर्ग यांनी १९३० च्या दशकात सुचवलेली ही प्रक्रिया प्रयोगशाळेत प्रत्यक्ष दाखवण्यास २०२१ साल उजाडावे लागले.

सायनोजेनच्या शोधाला एक सामाजिक बाजूही आहे. हॅलेचा धूमकेतू १९१० मध्ये आला तेव्हा त्याच्या वर्णपटात हा विषारी वायू असल्याचे जाहीर झाले आणि पृथ्वी त्याच्या पुच्छातून जाणार असल्याचेही. युरोप-अमेरिकेत अनेकांनी दारे-खिडक्यांच्या फटी बुजवल्या. काही ठिकाणी धूमकेतूवरील गोळ्यांची विक्री झाली. पुच्छातील वायू प्रयोगशाळेतील उत्तम निर्वात पोकळीपेक्षाही विरळ असतो, हे सांगणारे शास्त्रज्ञ होते, परंतु भीतीला आकडे पुरत नाहीत. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील केतुचारापासून गावोगावच्या ‘शेंडेनक्षत्रा’पर्यंत धूमकेतूला चिकटलेली अशुभाची कल्पना आपल्याकडेही परिचित आहे. फरक इतकाच, की १९१० मधील भीती वर्णपटविज्ञानाच्या भाषेत बोलत होती.

मूळ रेणूंचा थेट शोध अवरक्त व रेडिओ तरंगांमुळे शक्य झाला. १९९६ च्या ह्याकुताके धूमकेतूत मिथेन व इथेन एकत्र आढळले. १९९७ मध्ये सूर्याजवळ आलेला हेल-बॉप धूमकेतू सुमारे दीड वर्ष नुसत्या डोळ्यांना दिसत होता. त्या काळात रेडिओ दुर्बिणींनी त्यात अनेक नवे सेंद्रिय रेणू ओळखले व वायू आणि धूळ यांच्या पुच्छांखेरीज सोडियम अणूंचे तिसरे पुच्छही सापडले. मायकेल अ’हर्न व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ८५ धूमकेतूंच्या पाहणीत एक लक्षणीय गट वेगळा पडला. त्यात द्विकार्बनचे प्रमाण फारच कमी होते आणि त्यातील बहुतेक धूमकेतू गुरूच्या प्रभावाखालील लहान कक्षांचे होते. म्हणजे ‘धूमकेतूचे रसायन’ असे एकवचनी बोलणे सैलपणाचे आहे.

पाण्याचा प्रश्न

धूमकेतूच्या रसायनात सर्वांत अधिक चर्चिला गेलेला प्रश्न पृथ्वीवरील पाण्याचा आहे. पाण्यातील हायड्रोजनच्या दर दहा हजार अणूंमागे सुमारे दीड अणू ड्यूटेरियमचा असतो; महासागराच्या पाण्यासाठी अचूक प्रमाण दहा हजारात १.५६ असे मोजले गेले आहे. धूमकेतूचे पाणी हेच प्रमाण दाखवत असेल तर ते पृथ्वीच्या पाण्याचा एक संभाव्य स्रोत ठरते. हॅले, ह्याकुताके व हेल-बॉप या तिन्ही धूमकेतूंत हे प्रमाण जवळजवळ दुप्पट, म्हणजे दहा हजारात सुमारे ३ आढळले. २०११ मध्ये हर्शेल अवकाश दुर्बिणीने हार्टली-२ या धूमकेतूत १.६ प्रमाण मोजले आणि धूमकेतूंच्या बाजूने मत झुकले. डिसेंबर २०१४ मध्ये रोझेटा यानाने ६७पी चुर्युमोव्ह-गेरासिमेंको या धूमकेतूजवळ ५.३ हे प्रमाण नोंदवले आणि मत पुन्हा उलटले. आता लघुग्रहांकडे बोट दाखवले जाऊ लागले.

हा झोका येथेच थांबला नाही. २०१८ मध्ये पृथ्वीजवळ आलेल्या विर्टानेन धूमकेतूचे विमानस्थ सोफिया दुर्बिणीने मोजलेले प्रमाण महासागराइतकेच निघाले. २०२४ मध्ये कॅथलीन मँट व सहकाऱ्यांनी रोझेटाच्या संपूर्ण कालावधीतील मोजमापे पुन्हा तपासली. गाभ्याजवळच्या धूलिकणांवरील बर्फात ड्यूटेरियमयुक्त पाणी अधिक प्रमाणात चिकटून राहते व तेथे घेतलेली मोजमापे फुगतात, असे त्यांनी दाखवले. गाभ्यापासून दूर, जेथे धुळीवरील बर्फ उडून गेलेला असतो, तेथील प्रमाण पृथ्वीच्या बरेच जवळ येते. मोजमाप चुकीचे नव्हते; ते कोठे घेतले याला किती महत्त्व द्यावे, हे तेव्हा कळले नव्हते. २०१४ नंतर ‘धूमकेतूंनी पाणी आणले नाही’ असे ठाम विधान जेथे जेथे केले गेले, तेथे ते आता मागे घ्यावे लागेल. परंतु त्याच्या जागी उलट दिशेचे तितकेच ठाम विधान करणे ही त्याच चुकीची पुनरावृत्ती ठरेल. मूठभर धूमकेतूंच्या मोजमापांवरून अब्जावधी धूमकेतूंविषयी बोलले जात आहे, याचे भान विद्यार्थ्यांना देणे आवश्यक आहे.

रोझेटाने दिलेली इतर माहिती तुलनेने निर्विवाद आहे. या धूमकेतूभोवती आण्विक ऑक्सिजन असल्याचे २०१५ मध्ये, तर ग्लायसीन हे अमिनो आम्ल व फॉस्फरस असल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. स्टारडस्ट यानाने वाइल्ड-२ धूमकेतूजवळून आणलेल्या नमुन्यांत ग्लायसीन असल्याचे २००९ मध्येच निश्चित झाले होते.

नवतारा मंदावतो म्हणजे काय

‘नवतारा’ हे नाव दिशाभूल करणारे आहे. तारा नवा नसतो. एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांपैकी एक श्वेतबटू असतो. जोडीदाराकडून ओढलेला हायड्रोजन त्याच्या पृष्ठभागावर साचत जातो. तळाशी दाब व तापमान पुरेसे वाढले की अणुकेंद्रीय संमीलन अनियंत्रितपणे पेटते व साचलेला थर अवकाशात फेकला जातो. फेकलेले द्रव्य सूर्याच्या वस्तुमानाच्या साधारणपणे लक्षांश ते दशसहस्रांश असते आणि त्याचा वेग सेकंदाला काही शे ते काही हजार किलोमीटर. श्वेतबटू स्वतः शाबूत राहतो. अतिदीप्त नवताऱ्यापेक्षा ही घटना मुळात भिन्न आहे.

तेजस्वितेची घट ‘प्रत’ या एककात मोजतात. पाच प्रतींचा फरक म्हणजे प्रकाशात शंभर पटींचा फरक. सर्वोच्च तेजापासून दोन किंवा तीन प्रतींनी मंद होण्यास लागणाऱ्या दिवसांवरून नवतारा वेगवान की संथ हे ठरते. वेगाने मंदावणारे नवतारे मुळात अधिक तेजस्वी असतात, हा नियम विसाव्या शतकात अंतरे काढण्यासाठी वापरला गेला. देवयानी दीर्घिकेत वेगवान असूनही फिके असलेले नवतारे २०११ मध्ये दाखवले गेले, तेव्हापासून या नियमाच्या विश्वासार्हतेवर वाद आहे.

मंदावणे म्हणजे विझणे, ही सामान्य समजूत येथे लागू पडत नाही. आरंभी फेकलेला वायू इतका दाट असतो की आतले काही दिसत नाही. दिसतो तो त्याचा फुगलेला, सूर्यापेक्षा फारसा तप्त नसलेला पृष्ठभाग. वायू पसरून विरळ होतो तसा दृश्य पृष्ठभाग आत सरकतो, लहान व अधिक तप्त होतो आणि त्याचा प्रकाश डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील विभागात सरकतो. श्वेतबटूवर उरलेला हायड्रोजन तोवर जळतच असतो. एकूण ऊर्जा बराच काळ जवळजवळ स्थिर राहते. कमी होतो तो तिचा आपल्याला दिसणारा हिस्सा. पुढे वायू अतिविरळ झाला की दुप्पट आयनीभूत ऑक्सिजनच्या निषिद्ध रेषा उमटतात. प्रयोगशाळेत अशक्यप्राय असलेल्या या रेषा एका काल्पनिक मूलद्रव्याच्या मानल्या जात होत्या. आयरा बोवेन यांनी १९२७ मध्ये त्यांचा खरा उगम दाखवला.

मंदावण्याच्या आलेखातील बिंदू पुष्कळदा हौशी निरीक्षकांनी भरले आहेत. अविभाजित बंगालमधील जेसोर येथील राधागोविंद चंद्र यांनी जून १९१८ मध्ये गरुड तारकासमूहातील नवतारा स्वतंत्रपणे पाहिला व पुढे अमेरिकेतील रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षक संघाकडे हजारो नोंदी पाठवल्या. रेडिओ विभागात महाराष्ट्रातील कामगिरी उल्लेखनीय आहे. भुजंगधारी तारकासमूहातील आरएस हा पुनरावर्ती नवतारा १२ फेब्रुवारी २००६ रोजी उफाळला, तेव्हा नारायणगावजवळील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीने, म्हणजे जीएमआरटीने, १.४ गिगाहर्ट्झपेक्षा कमी वारंवारतेचे त्याचे प्रारण प्रथमच टिपले. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील निमिषा कांथारिया व सहकाऱ्यांचे हे काम आहे.

धुळीचा पडदा

डिसेंबर १९३४ मध्ये शौरी तारकासमूहात दिसलेला डीक्यू हा नवतारा सुमारे तीन महिने सावकाश मंदावला आणि मग अचानक कोसळला. महिनाभरात त्याचे तेज सुमारे आठ प्रतींनी, म्हणजे हजार पटींहून अधिक, घटले. त्यानंतर तो पुन्हा उजळला. स्फोटाची ऊर्जा संपली असती तर तो परत उजळला नसता. डीन मॅक्लॉफलिन यांनी तेव्हाच असे सुचवले की फेकलेल्या वायूत धूलिकण गोठले व त्यांनी पडदा घातला. याचा पुरावा १९७० मध्ये भुजंग तारकासमूहातील एफएच या नवताऱ्याने दिला. दृश्य प्रकाश जसा घटला तसा अवरक्त प्रकाश वाढत गेला. प्रकाश नाहीसा झाला नव्हता. धुळीने तो शोषून उष्णतेच्या रूपात परत दिला होता.

या धुळीच्या आधी रेणू तयार होतात. डीक्यूच्या वर्णपटातही सायनोजेनचे पट्टे दिसले होते. ज्या वायूवर दशसहस्र अंशांहून तप्त श्वेतबटू अतिनील किरणांचा मारा करत आहे, त्यात रेणू टिकावेत हे आश्चर्यच आहे. दाट गुठळ्यांच्या आड ते तगून राहतात असे मानले जाते. अबू पर्वतावरील गुरुशिखर येथील भौतिकी संशोधन प्रयोगशाळेच्या १.२ मीटर अवरक्त दुर्बिणीतून आर. के. दास, डी. पी. के. बॅनर्जी व एन. एम. अशोक यांनी २००७ मधील व्ही-२६१५ या नवताऱ्यात कार्बन मोनॉक्साइडची निर्मिती, त्याचा ऱ्हास व पाठोपाठ धुळीचा जन्म हा क्रम नोंदवला. मध्यम आकाराच्या दुर्बिणीला सलग रात्री मिळाल्या तर मोठ्या दुर्बिणींना न साधणारे काम होते, याचे हे उत्तम उदाहरण म्हणता येईल.

त्रेपन्न दिवसांची मुदत

१४ ऑगस्ट २०१३ रोजी जपानमधील कोइची इटागाकी यांना धनिष्ठा तारकासमूहात नवतारा आढळला. व्ही-३३९ असे नाव मिळालेला हा तारा दोन दिवसांत नुसत्या डोळ्यांना दिसू लागला. तो मंदावत असताना, स्फोटानंतर सुमारे ३८ ते ४८ दिवसांच्या काळात, हवाई बेटांवरील सुबारू दुर्बिणीने त्याच्या वर्णपटात ३१३ नॅनोमीटरच्या आसपास बेरिलियम-७ च्या शोषण रेषा टिपल्या. अकितो ताजित्सु व सहकाऱ्यांनी हा शोध २०१५ मध्ये प्रसिद्ध केला.

बेरिलियम-७ चा अर्धायुकाल सुमारे ५३ दिवस आहे व त्याचे रूपांतर लिथियम-७ मध्ये होते. दीर्घिकेतील तरुण ताऱ्यांत लिथियम जितके आढळते तितके महास्फोटात निर्माण झालेले नाही; उरलेले कोठून आले हा जुना प्रश्न आहे. नवताऱ्यांत ते बनत असावे असे भाकीत १९७० च्या दशकापासून होते, पण प्रत्यक्ष पुरावा नव्हता. स्फोटानंतर वर्ष उलटले तर मूळ बेरिलियमचा शंभरावा हिस्साही उरत नाही. त्यामुळे हा पुरावा तारा मंदावत असतानाच्या काही आठवड्यांतच मिळू शकतो. त्यात आणखी एक अडचण आहे. ३१० नॅनोमीटरच्या आसपास पृथ्वीचा ओझोन थर आकाश झाकू लागतो. धूमकेतूच्या पाण्याचा अंदाज ज्यावरून घेतात त्या हायड्रॉक्सिलचा पट्टाही ३०९ नॅनोमीटरलाच आहे. दोन्ही क्षेत्रांतील निरीक्षक एकाच अरुंद फटीतून पाहत असतात.

एकच रेणू, दोन ठिकाणी

मार्च २०१२ मध्ये जपानच्या हिदेओ निशिमुरा यांना भुजंगधारी तारकासमूहात व्ही-२६७६ हा नवतारा सापडला. त्याच्या वर्णपटात सायनोजेनबरोबर द्विकार्बनचे स्वान पट्टेही होते. नवताऱ्यात द्विकार्बन मिळण्याची ही पहिलीच वेळ. हे संशोधन करणाऱ्यांतील हिदेयो कावाकिता हे मूळचे धूमकेतूंच्या रसायनाचे अभ्यासक आहेत, ही बाब योगायोगाची नाही. हगिन्स यांनी धूमकेतूत पाहिलेले पट्टे त्यांच्या रोजच्या परिचयाचे होते.

रेणू तोच असला तरी त्यातील अणूंची घडण वेगळी निघाली. पृथ्वीवर कार्बन-१२ व कार्बन-१३ यांचे गुणोत्तर सुमारे ८९ आहे. धूमकेतूंतही ते जवळजवळ तेवढेच, सुमारे ९१ आढळते. या नवताऱ्यात ते अवघे ४ होते. नायट्रोजन-१४ व नायट्रोजन-१५ यांचे गुणोत्तर पृथ्वीच्या वातावरणात २७२, धूमकेतूंतील सायनोजेनमध्ये सुमारे १५० आणि या नवताऱ्यात सुमारे २ असे मिळाले. कार्बन-नायट्रोजन-ऑक्सिजन चक्र अत्युच्च तापमानाला काही मिनिटांत धावते, तेव्हा नायट्रोजन-१३ व ऑक्सिजन-१५ असे अस्थिर अणू मोठ्या संख्येने तयार होतात. ते वायूबरोबर बाहेर फेकले जातात आणि क्षय पावून अनुक्रमे कार्बन-१३ व नायट्रोजन-१५ बनतात. संथपणे जळणाऱ्या ताऱ्यात हे घडत नाही. कमी गुणोत्तर ही स्फोटाची सहीच म्हणावी लागेल.

धूमकेतूंत नायट्रोजन-१५ पृथ्वीपेक्षा अधिक का, याचे उत्तर नवताऱ्यांत शोधण्याचा मोह येथे होतो. तो आवरला पाहिजे. नवताऱ्यांचे द्रव्य पुरेशा प्रमाणात मिसळले असते तर कार्बनचे गुणोत्तरही खाली आले असते. धूमकेतूंत ते आलेले नाही. सूर्यमालेच्या मूळ मेघातील अतिनील प्रकाशाने नायट्रोजनचे दोन समस्थानिक वेगवेगळ्या प्रमाणात तोडले, हे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य मानले जाते.

तरीही नवताऱ्यांची धूळ सूर्यमालेपर्यंत पोहोचली आहे. अंटार्क्टिकातील ला पाझ हिमक्षेत्रात मिळालेल्या एका उल्केत पियर एनेकूर व सहकाऱ्यांना सुमारे एक सहस्रांश मिलिमीटर आकाराचा ग्रॅफाइटचा कण सापडला. त्याचा तपशील २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील कार्बन-१२ व कार्बन-१३ यांचे गुणोत्तर सुमारे १.४ आहे. त्या कार्बनच्या कणात ऑक्सिजनयुक्त सिलिकेटचा अंश अडकलेला आहे. कार्बन व ऑक्सिजन यांपैकी जो कमी तो सर्वच्या सर्व कार्बन मोनॉक्साइडमध्ये बांधला जातो आणि धूळ एकाच प्रकारची बनते, असा नियम पूर्वी सांगितला जात असे. १९९३ मध्ये शर्मिष्ठा तारकासमूहात दिसलेल्या व्ही-७०५ या नवताऱ्याभोवती मात्र कार्बनची व सिलिकेटची धूळ एकाच वेळी असल्याचे अवरक्त वर्णपटांनी दाखवले होते. दुर्बिणीतून पाहिलेले ते मिश्रण आता सूक्ष्मदर्शकाखाली एकाच कणात पाहता येते, आणि तो कण सूर्यापेक्षा जुना आहे.